ब्रेक लवकर झिजले, दोष कोणाचा?

आपल्या वस्त्यांतून कर्ज काढून टॅक्सी घेतलेले अनेक तरुण आज दिसतात. हप्ता महिन्याच्या महिन्याला भरायचा, म्हणजे गाडी रोज रस्त्यावर हवी. अशा गाडीचे पुढचे ब्रेकपॅड 12 हजार किलोमीटरलाच संपले, तर शोरूममध्ये ठरलेले उत्तर मिळते, "तुमचा पाय जड आहे. आणि पॅड वॉरंटीत येत नाहीत." काचेच्या केबिनसमोर आपला माणूस अवघडतो, सही करतो, पैसे भरून बाहेर पडतो. पुढे पुन्हा तेच.

पॅड वॉरंटीत येत नाहीत, हे बहुधा खरे असते. ती झिजणारी वस्तू आहे. पण पाय जड आहे की नाही, हे त्या सल्लागाराने ठरवायचे नाही. ते जुने पॅडच सांगतात.

चालकाच्या पायाने झिजलेले पॅड डाव्या-उजव्या चाकांवर जवळजवळ सारखे झिजतात. घाट उतरताना गिअर न पाडता नुसत्या ब्रेकवर गाडी सोडणे, चालवताना पाय पेडलवर टेकवून ठेवणे, या सवयींनी असे होते. तेव्हा दोष शोरूमला देण्यात अर्थ नाही. मात्र एका बाजूचे पॅड संपले आणि दुसऱ्या बाजूचे शाबूत, किंवा एकाच चाकात आतला पॅड कागदासारखा आणि बाहेरचा जाड, असे असेल तर कॅलिपर अडकतो आहे. त्याच्या सरकत्या पिना गंजल्या किंवा कोरड्या पडल्या, की पॅड डिस्कवरून नीट सुटत नाही. ब्रेक न दाबताही तो घासत राहतो. असे चाक दुसऱ्यापेक्षा जास्त तापते, जळका वास येतो, गाडी एका बाजूला ओढते. इथे नुसते नवे पॅड बसवणे म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणे. आणि कॅलिपर काही पॅडसारखा झिजणारा भाग नाही. गाडी वॉरंटीत असेल तर त्याची मागणी जरूर करावी.

म्हणून गाडी देतानाच जॉबकार्डावर लिहून घ्या, "पॅड लवकर झिजतात, कॅलिपर व पिना तपासणे." किलोमीटरचा आकडाही लिहायला लावा. कोऱ्या कार्डावर सही करू नका. काढलेले जुने भाग परत मागा. डिस्कही बदला म्हणाले, तर जाडी मोजून दाखवा म्हणावे. किमान जाडीचा आकडा बहुतेक डिस्कवर कोरलेला असतो. त्यापेक्षा डिस्क जाड आणि गुळगुळीत असेल तर घाई कसली?

तरी ऐकले नाही तर आधी कंपनीच्या ग्राहक विभागाला लेखी कळवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. "टॅक्सी म्हणजे धंदा, तुम्ही ग्राहक नाही," असे कोणी ऐकवील. ते मानू नका. स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा मालक 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच आहे. चार-सहा गाड्या ठेवून चालक नेमणाऱ्याची गोष्ट वेगळी. हा कायदा जुलै 2020 पासून लागू झाला. तेव्हापासून आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. वकील सक्तीचा नाही. मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फीही नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत मात्र पाळावी.

या लढ्यात गाडी तशीच चालवत राहू नका. ब्रेक दाबताना लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला की गाडी थांबवा, मागे प्रवासी बसलेले असतात. ओळखीच्या मिस्त्रीकडून काम करून घ्यायची वेळ आली, तर आधी दोन्ही चाकांच्या पॅडचे फोटो काढा, त्याच्याकडून दोष लिहून घ्या, पक्के बिल मागा. जुने पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून, तारीख टाकून घरात ठेवा. घरच्यांना सांगून ठेवा, नाहीतर भंगारवाल्याकडे जातील.