ध्वजाचे स्वातंत्र्य आणि साधनांची मालकी

बहामा बेटे १० जुलै १९७३ रोजी ब्रिटिश अंमलातून मुक्त झाली. ॲरिझोनातील होपी जमातीची भूमी १८८२ पासून ‘राखीव’ आहे. एक सार्वभौम राष्ट्र, दुसरी अमेरिकन सरकारच्या विश्वस्ताधिकाराखालील जमात. सरासरी उत्पन्नात दोहोंमध्ये मोठी तफावत; परावलंबन मात्र एकाच जातकुळीचे.

होपींच्या ब्लॅक मेसा पठारावरील कोळसा १९६० नंतरच्या दशकात पीबॉडी कंपनीच्या हाती गेला. जमातीचे वकील जॉन बॉयडन त्याच काळात कंपनीचेही काम करीत होते, हे पुढे उघडकीस आले. भूगर्भातील शुद्ध पाणी उपसून त्यातून कोळशाची भुकटी नळाने नेवाडातील वीजकेंद्राकडे २००५ पर्यंत वाहून नेली गेली. दूरची शहरे उजळली. अनेक होपी घरे अंधारातच राहिली. २०१९ मध्ये उरलेली खाणही बंद झाली आणि जमातीच्या उत्पन्नाचा मुख्य आधार तुटला.

बहामात आयकर नाही. परकी धनिकांना ते नंदनवन वाटते; सामान्य ग्राहक मात्र जकात आणि २०१५ पासून मूल्यवर्धित कर भरतो. सुमारे निम्मे श्रमिक पर्यटनावर जगतात, अन्नधान्य बहुतांशी बाहेरून येते. सप्टेंबर २०१९ च्या ‘डोरियन’ चक्रीवादळात अबाको बेटावरील हैतियन स्थलांतरितांच्या वस्त्या भुईसपाट झाल्या. दरडोई उत्पन्नाच्या आकड्यात या झोपड्या कधीच दिसल्या नव्हत्या.

राजकीय स्वातंत्र्य कवडीमोल नव्हे. नासाऊच्या कामगारांनी १९५८ च्या सार्वत्रिक संपानेच मताधिकाराच्या सुधारणा पदरात पाडून घेतल्या. परंतु खाण, पाणी आणि किनारा यांचा निर्णय जोवर बाहेरचे भांडवल करते, तोवर ती लढाई अपुरीच राहील.