नेम चुकला? आधी बाण तपासा!

धनुर्विद्येचा विषय निघाला की आपण लगेच नेमाबद्दल बोलू लागतो. एकलव्याची साधना आणि अर्जुनाला दिसलेला पक्ष्याचा डोळा या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकलेल्या असतात. त्यामुळे बाण भरकटला की दोष नेमबाजाच्या नजरेला नाही तर त्याच्या चंचल मनाला देऊन आपण मोकळे होतो. ही सवय अशास्त्रीय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. नेमबाजाला दोष देण्यापूर्वी बाण त्या धनुष्याशी जुळतो की नाही, हे मोजून पाहिले पाहिजे.

अंबरनाथ-बदलापूरच्या विद्यार्थ्यांना हे पटायला कठीण जाऊ नये. अंबरनाथमध्ये संरक्षण खात्याच्या अखत्यारीतील आयुधनिर्माणी आहे. बंदुकीची गोळी आणि नळी यांची मापे जुळलीच पाहिजेत, हे तिथल्या कामगारांच्या मुलांना सांगावे लागत नाही. याच परिसरात डोंगरांच्या पायथ्याशी कातकरी आणि ठाकूर यांच्या वाड्या आहेत. या समाजांत पूर्वी शिकारीसाठी तीरकमठा वापरला जाई. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आली आणि ती योग्यच होती. पण तीरकमठ्यामागचे शास्त्र काही त्यामुळे संपले नाही. बंदुकीला जो नियम आपण सहज लावतो, तो तीरकमठ्याला लावायचे मात्र आपल्याला सुचत नाही.

आता एक साधा हिशेब करू. पारंपरिक धनुष्याच्या मुठीला बाण जाण्यासाठी मधोमध खाच नसते. उजव्या हाताने दोरी ओढणारा तिरंदाज बाण बहुधा मुठीच्या डाव्या अंगाला टेकवतो. समजा, मूठ 3 सेंटिमीटर रुंद आहे आणि बाण 8 मिलिमीटर जाड आहे. म्हणजे बाणाचा मध्य धनुष्याच्या मध्यापासून 1.9 सेंटिमीटर बाजूला आला. दोरी सुटून पुढे येते तेव्हा बाणाची शेपटी मध्याकडे येते, पण पुढचा भाग मुठीमुळे बाजूलाच राहतो. बाण 70 सेंटिमीटर लांब असेल आणि तो जराही वाकला नाही, तर समरूप त्रिकोणांच्या नियमाने 30 मीटरवर तो सुमारे 80 सेंटिमीटर डावीकडे जायला हवा! प्रत्यक्षात चांगला बाण सरळ लक्ष्यावर जातो. या कोड्याला तिरंदाजीत ‘धनुर्धराचा विरोधाभास’ म्हणतात.

कोड्याचे उत्तर बाणाच्या वाकण्यात आहे. दोरी मागून जोराने ढकलते, टोकाचे वजन जडत्वामुळे चटकन हलत नाही, आणि मधली काडी वाकते. मग ती उलट बाजूला वाकते, पुन्हा पहिल्या बाजूला येते आणि अशी कंप पावत मुठीला वळसा घालून निघून जाते. 1930 च्या दशकात अतिवेगवान छायाचित्रणाने हे वाकणे स्पष्ट दिसले. कंपनाची लय आणि बाण धनुष्यातून सुटण्याचा वेळ यांचा मेळ बसला, तरच शेपटी मुठीला न घासता पार होते.

हा मेळ तीन गोष्टींनी साधतो. पहिली गोष्ट काडीची जाडी. जाडी 10 टक्के वाढली की ताठपणा जवळजवळ दीडपट होतो, कारण तो व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. दुसरी गोष्ट लांबी. काडी 28 इंचांवरून 26 इंचांवर आणली, तर तेवढ्याच भाराखाली तिचे वाकणे सुमारे 20 टक्क्यांनी कमी होते. तिसरी गोष्ट टोकाचे वजन. टोक जड केले की सुटताना काडी अधिक वाकते, म्हणजे तीच काडी अधिक लवचीक असल्यासारखी वागते. टोक हलके केले की याच्या उलट घडते.

मोजायचे कसे? काडी 26 इंचांवर (66 सेंटिमीटर) असलेल्या दोन आधारांवर ठेवा. मध्यभागी पाण्याची बाटली टांगा; बाटलीसकट वजन 2 पौंड, म्हणजे 907 ग्रॅम भरले पाहिजे. काडी किती इंच खाली वाकली ते पाहा आणि 26 ला त्या आकड्याने भागा. वाकणे 0.65 इंच (16.5 मिलिमीटर) असेल, तर उत्तर 40 येते. ती काडी साधारण 40 पौंड (सुमारे 18 किलो) ओढीच्या धनुष्याला चालेल. हे अंतिम उत्तर नव्हे, सुरुवातीचा अंदाज आहे. टोकाचे वजन थोडे बदलून उरलेली जुळणी करायची असते. काडी हातात घेऊन वाकवून पारखणारा कारागीर नेमकी हीच मोजणी हाताने करत असतो. त्याच्या ज्ञानाला अडाणी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

कोणी म्हणेल, सराव केला की कोणताही बाण नेमका जातो. मुरलेला तिरंदाज चुकीच्या बाणालाही सांभाळून घेईल, हे खरे आहे. पण नवशिका मुलगा चुकीच्या बाणासाठी आपला नेम वाकडा करायला शिकतो, किंवा ‘मला हे जमणार नाही’ म्हणून धनुष्य खाली ठेवतो. 2023 मध्ये बर्लिनच्या स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते ठरले. त्यांच्या आधुनिक धनुष्यात बाणाला मुठीला वळसा घालावा लागत नाही, तरीही अशा धनुष्यांसाठी काडीचा ताठपणा आणि टोकाचे वजन जुळवूनच बाण निवडतात. मग गावातल्या मुलाच्या हातात मिळेल तो बाण का द्यावा?

शिक्षकांना माझी विनंती आहे की, मैदानावरचे बाण एकदा प्रयोगशाळेत न्यावेत. बाण चहूकडे विखुरत असतील, तर मुलाला सराव हवा. ते सारे एकाच बाजूला जात असतील, तर आधी साधनावर संशय घ्यावा. मग प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, समोर कोणी नसताना, पिसे लावलेला आणि न लावलेला असे दोन सारखे बाण सोडून पाहावेत. उजव्या हाताच्या तिरंदाजाचा बिनपिसांचा बाण डावीकडे गेला, तर काडी बहुधा फार ताठ आहे; उजवीकडे गेला, तर फार लवचीक. चूक विखुरलेली आहे की एका बाजूची, हा प्रश्न विचारायला जो विद्यार्थी मैदानावर शिकेल, तो प्रयोगवहीतही तोच प्रश्न विचारील. आणि एखाद्या मुलाला ‘तुझी नजरच वाईट’ असे विनाकारण ऐकावे लागणार नाही.