स्पर्शालाही शिक्षण लागते

दरवर्षी १२ मे रोजी, परिचारिका दिनाच्या निमित्ताने, परिचारिकांचे सत्कार होतात. गुलाबाचे फूल दिले जाते, त्यागाची स्तुती होते आणि 'शुभ्र वस्त्रांतील देवदूत' हे विशेषण हमखास वापरले जाते. या कौतुकाला आमचा विरोध नाही. आमची तक्रार वेगळी आहे. ज्यांना आपण देवदूत म्हणतो त्यांना त्यांचे काम नीट शिकवले जाते का, हा प्रश्न त्या व्यासपीठावरून कोणी विचारीत नाही. देवदूताला शिक्षण लागत नाही, असे आपण धरून चालतो. परिचारिकेला मात्र ते लागते. आणि ते कोठे अपुरे पडते हे पाहायचे असेल तर त्वचारोगाच्या रुग्णाकडे पाहावे.

त्वचेच्या विकाराने सहसा मरण येत नाही, एवढ्यावरून आपण त्याला किरकोळ ठरवून टाकले आहे. परिचर्येच्या अभ्यासक्रमात तो एका मोठ्या विषयातील एक प्रकरण म्हणून येतो आणि परीक्षेपुरता वाचला जातो. इकडे बाह्यरुग्ण विभागात रांग दारापर्यंत गेलेली असते. डॉक्टर दोन मिनिटे पाहतात, चिठ्ठी लिहितात आणि रुग्ण मलमाची ट्यूब घेऊन घरी जातो. ते किती लावायचे, कोठे लावायचे, किती दिवस लावायचे, हे त्याला सांगायला कोणी नसते. ती जागा परिचारिकेची आहे, आणि ती रिकामी आहे.

या रिकाम्या जागेची किंमत रुग्ण मोजतो. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, टोकापासून पहिल्या रेषेपर्यंत काढलेली मलमाची रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. ती हाताच्या दोन पंज्यांएवढ्या जागेला पुरते. इतके साधे माप, पण ते माहीत नसल्यामुळे कोणी मलम लिंपतो, तर कोणी बोट टेकवून पुसतो. खरजेचे औषध मानेपासून तळव्यापर्यंत सर्वांगाला आणि घरातील सगळ्यांनी एकाच वेळी लावायचे असते, खाज असो वा नसो. आठवड्याने ते पुन्हा लावायचे असते. हे सांगितले नाही तर एकट्या मुलाला मलम लागते आणि महिन्याभरात सारे घर पुन्हा खाजवू लागते. गजकर्णावर दुकानातून आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम चार दिवस खाज थांबवते आणि बुरशी मात्र आतून पसरत राहते. त्या चार दिवसांच्या सुखाला भुलू नका, असे बजावणारे माणूस रुग्णालयातच भेटले पाहिजे.

जे विकार खरोखर जिवावर बेततात, तेथे तर परिचर्या हाच उपचाराचा मोठा भाग असतो. पेम्फिगसमध्ये अंगभर फोड येऊन त्वचा सोलली जाते. अंथरुणाची चादरही तिला चिकटते. अशा रुग्णाला आपल्याकडे केळीच्या पानांवर निजवण्याची रीत आहे, कारण ते पान जखमेला चिकटत नाही. ज्या पानावर आपण जेवतो ते निर्जंतुक कसे करावे, रुग्णाला कुशीवर कसे वळवावे, त्याच्या अंगातून किती पाणी झिरपून गेले याचा अंदाज कसा घ्यावा, हे ज्ञान नुसत्या माया करणाऱ्या हातांना आपोआप होत नाही.

देहाच्या दुखण्याबरोबर मनाचेही येते. सोरायसिस संसर्गजन्य नाही. कोडही नाही, आणि कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे. तरीही लग्नघरी भाकऱ्या थापायला बसलेल्या बाईला तिच्या हातावरचे खवले पाहून कोणीतरी अलगद बाजूला करते आणि ती पुढच्या लग्नाला जातच नाही. तिच्या नातेवाइकांदेखत उघड्या हाताने तिचा हात हाती घेणारी परिचारिका दहा व्याख्यानांचे काम करील. पण आम्ही असेही पाहिले आहे की, सोरायसिसच्या रुग्णाला नुसते उठवून बसवतानाही परिचारिका हातमोजे चढवते आणि अंग चोरते. ती निर्दय नसते. तिला कोणी शिकवलेले नसते. अज्ञानी माणसाच्या अंगी दया असली तरी ती भीतीपुढे टिकत नाही.

कुष्ठरोगाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. 'आता तो रोग उरला कोठे?' असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की २०२३ साली जगात नोंदल्या गेलेल्या सुमारे १ लाख ८३ हजार नव्या रुग्णांपैकी १ लाखाहून अधिक भारतातील होते. औषधांनी जंतू मरतात. पण मेलेल्या नसांची जाणीव सहसा परत येत नाही. १९४६ साली वेल्लोरला आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की बोटे जंतूंमुळे सडून गळत नाहीत. वेदना कळत नसल्याने चटके, काटे आणि जखमा यांकडे दुर्लक्ष होते व त्यातून ती झिजतात. म्हणजेच रोज तळवे पाण्यात भिजवणे, तेल लावणे, बारकाईने पाहणे आणि योग्य चपला वापरणे यांवर पाय वाचणे अवलंबून आहे. हे सारे शिकवण्याचे काम परिचारिकेचे. पण आधी ते तिला शिकवले पाहिजे.

यावर आपल्यातले काही म्हणतील, 'आपल्या मुलींच्या रक्तातच सेवा आहे.' त्यांना आम्ही संत मरियान कोप यांची आठवण देतो. १८८३ साली त्या सहा धर्मभगिनींसह हवाई बेटांवर गेल्या आणि १८८८ साली मोलोकाई येथे कुष्ठरुग्णांत राहू लागल्या. तत्पूर्वी त्यांनी अमेरिकेतील सिराक्यूज येथे रुग्णालय चालवले होते. स्वच्छतेबाबत आणि हात धुण्याबाबत त्या कमालीच्या काटेकोर होत्या. त्यांच्या धर्मभगिनींपैकी एकीलाही त्या रोगाची बाधा झाली नाही. २०१२ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. त्यांच्या प्रेमाविषयी आपण प्रवचने ऐकतो. त्यांच्या साबणाविषयी मात्र कोणी बोलत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. 'हे श्रीमंत देशांचे चोचले,' असे म्हटले जाईल. ब्रिटनमधील त्वचारोग परिचारिकांनी १९८९ साली आपली स्वतंत्र संघटना उभारली, हे खरे. पण टांझानियासारख्या गरीब देशातही मोशी येथे १९९२ पासून डॉक्टर नसलेल्या आरोग्यसेवकांना त्वचारोगांचे रीतसर शिक्षण दिले जाते. तेथे त्वचारोगतज्ज्ञ मोजकेच होते, म्हणूनच हा मार्ग निघाला. आपल्या खेड्यापाड्यांतील स्थिती फार वेगळी आहे काय?

आमची मागणी मोठी नाही. परिचर्येच्या प्रत्येक विद्यार्थिनीने काही आठवडे त्वचारोग विभागात प्रत्यक्ष काम करावे आणि त्याचे मूल्यमापन व्हावे. डॉक्टरांच्या खोलीबाहेर एक टेबल असावे व तेथे बसलेल्या प्रशिक्षित परिचारिकेने प्रत्येक रुग्णाला मलम लावून दाखवावे. प्रारंभ आपल्या मिशन रुग्णालयांनी आणि त्यांच्या परिचर्या विद्यालयांनी करावा. कुष्ठरुग्णाला स्पर्श करणाऱ्या प्रभूचे नाव ज्या संस्था सांगतात, त्यांना सरकारी परिपत्रकाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही.

आणि पालकहो, आपणही मुलीचा प्रवेश घेताना वसतिगृह कसे आहे आणि परदेशी नोकरी मिळेल का, एवढेच विचारून परतू नका. जखम धुवायला, मलम लावायला आणि घाबरलेल्या माणसाचा हात धरायला तिला कोण शिकवणार आहे, तेही विचारा. उत्तर मिळाले नाही, तर पुढच्या वर्षी पुन्हा विचारा. गुलाबाचे फूल मग दिले तरी चालेल.