नागपूरचे देणे

राजधानी हातची जाते ती नेहमीच त्या शहराच्या दोषाने नव्हे. १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला तेव्हापासून नागपूर हे त्याचे मुख्य ठाणे होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषेच्या न्यायाने विदर्भ मुंबई राज्यात आला आणि मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली; उच्च न्यायालय जबलपुरास गेले, नागपुरास खंडपीठ उरले. वस्तुतः पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये स्वतंत्र विदर्भाचीच शिफारस केली होती. ती मानली जाती, तर नागपूरचे पद अबाधित राहते! मराठी भाषिकांच्या ऐक्याची किंमत या शहराने मोजली आहे.

१९५३ च्या नागपूर कराराने तिची भरपाई कबूल केली होती: शासनाने दरवर्षी ठराविक काळ नागपुरास हलावे आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन तेथे भरवावे. २०२० चे हिवाळी अधिवेशन साथीमुळे मुंबईत झाले, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण एरवी तरी काय घडते? मंत्री येतात, मोर्चे अडविले जातात आणि अधिवेशन आटोपताच फायली मुंबईस परततात. करार शासन हलविण्याचा होता, पाहुणचाराचा नव्हे. निदान महिनाभर सचिवांसह शासनाने नागपुरात बसून विदर्भाची कामे तेथेच निकालात काढावीत, अशी आमची मागणी आहे.