पत्रा मारायचा की काजळी काढायची?

गेल्या महिन्यात एका रात्री साडेदहाच्या सुमारास आमचा भाचा दारात येऊन उभा राहिला. "जयभीम मामा," एवढेच म्हणाला आणि ओट्यावर बसला. थळमध्ये त्याची एक डिझेल व्हॅन आहे. २०१८ सालची, जुनी घेतलेली. सकाळी शाळेची मुले, मग खत कारखान्याचे कंत्राटी कामगार, लग्नसराईत वऱ्हाड, असा तिचा दिवस. गाडी पतपेढीच्या कर्जावर घेतलेली आणि कर्जाला जामीनदार आम्ही. त्यामुळे व्हॅनला खोकला झाला की झोप आमची उडते, हे वाचकांनी समजून घ्यावे.

त्या दिवशी वऱ्हाड घेऊन पेणला जाताना गाडी कार्लेखिंड चढेना. मागे काळ्या धुराचा लोट. वरपक्षाच्या पाच मंडळींना नव्या कपड्यांत खाली उतरून चालावे लागले. इंजिनाचा पिवळा दिवा पेटला तो विझेना. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला. निदान झाले, "ई.जी.आर. व्हॉल्व्ह जाम. नवा टाका, १४,५०० रुपये." महिन्याचा हप्ता ८,२००. नाक्यावरच्या मेस्त्रीने दुसरा उपाय सांगितला. "मध्ये पत्रा मारून रस्ताच बंद करतो. पाचशे रुपयांत काम."

"मामा, पाचशेवालं करू का?" भाच्याने विचारले. खरे सांगायचे तर "कर" हा शब्द आमच्या ओठांवर आला होता.

आम्ही पडलो बी.कॉम. आयुष्य फायलींत गेले. पण ज्या कागदावर सही केली ती गोष्ट समजून घ्यायची, ही कारकुनाची खोड. चार ठिकाणी विचारून जे कळले ते असे. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो गरीब, कोणाच्या अध्यात ना मध्यात. परंतु इंजिनात उष्णता फार वाढली की तो प्राणवायूशी मिळतो आणि त्यातून विषारी वायू तयार होतात. दमेकऱ्यांना आणि लहान मुलांना ते फार बाधतात. म्हणून सायलेन्सरकडे निघालेला थोडा धूर परत इंजिनात सोडतात. या धुरात प्राणवायू कमी असतो, म्हणून आतली उष्णता बेताची राहते. किती धूर केव्हा आत सोडायचा, ते ही झडप ठरवते.

पण धूर म्हटला की काजळी आली. तिला इंजिनातील ऑइलची वाफ मिळाली की डांबरासारखा चिकट थर बसतो. झडप उघडीच अडकली तर इंजिनाला चांगली हवा कमी पडते, मग काळा धूर आणि पिकअप गायब. कार्लेखिंडीत हेच झाले. त्यात थळ ते अलिबाग अंतर चार-पाच किलोमीटर. इंजिन पुरते तापण्याआधीच गाडी थांबते, पुन्हा सुरू होते, पुन्हा थांबते. काजळी धरायला याहून सोयीचे काय?

कोळीवाड्यातील आमचे एक स्नेही हसून म्हणाले, "आमच्या होडीच्या इंजिनाला असलं काही लचांड नाही बघा." खरे आहे. पण होडी शाळेच्या फाटकापाशी इंजिन चालू ठेवून उभी राहत नाही.

पत्रा मारल्यावर पी.यू.सी. मिळाले असते. कारण तिथे डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा मोजतात, हा वायू नव्हे. धूर दिसायला उलट स्वच्छ झाला असता! फोक्सवॅगन या जर्मन कंपनीने हेच मोठ्या प्रमाणावर केले होते. तपासणीच्या वेळी वायू कमी आणि रस्त्यावर जास्त सोडणारी लबाडी संगणकात बसवली होती. सप्टेंबर २०१५ मध्ये ती उघडकीस आली, तेव्हा जगभर अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या. त्यांनी संगणक वापरला, आमचा मेस्त्री पत्रा वापरणार होता. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० प्रमाणे प्रदूषणाचे नियम मोडून गाडी चालवली तर दंड होतोच, आणि लायसन्सही तीन महिने हातचे जाते. ड्रायव्हरचे लायसन्स म्हणजे त्याच्या घरची चूल. पुष्कळ गाड्यांत संगणकाला पत्रा कळतो आणि दिवा पेटलेलाच राहतो, ते वेगळे.

मग रविवारी आमच्याच अंगणात दुसऱ्या एका वयस्क मेस्त्रींना बोलावले. इंजिन थंड होऊ दिले, बॅटरीची तार काढली. खाऱ्या हवेने बोल्ट इतके गंजले होते की गंजाचे तेल सोडून तासभर वाट पाहावी लागली. मेस्त्री म्हणाले, "जोर लावाल तर बोल्ट तुटेल, मग बसा रडत." झडप बाहेर आली तेव्हा तिचे तोंड पार बुजलेले. करंगळी जाईना. कार्ब क्लिनरचा स्प्रे मारून जुन्या टूथब्रशने आणि लाकडी काडीने थर काढला. स्क्रूड्रायव्हरने झडप ढकलायची नाही आणि विजेच्या मोटारीच्या बाजूला स्प्रे जाऊ द्यायचा नाही, या दोन गोष्टी त्यांनी तीन वेळा बजावल्या. स्प्रे पेट घेतो, म्हणून बिडी ओढणाऱ्या शेजाऱ्यांना आम्ही फाटकाबाहेर बसवले. ते अजून रागावलेले आहेत. आत जाणारा पाइपही साफ केला, नवे पॅकिंग टाकले. बहिणीने काळ्या झालेल्या फरशीवरून आम्हा तिघांचा उद्धार केला तो निराळा.

एवढे करूनही गाडी जागेवर गचके देतच होती! भाच्याचे तोंड उतरले. आम्हालाही १४,५०० चा आकडा पुन्हा दिसू लागला. मेस्त्रींनी मात्र शांतपणे जोडणीची पिन पाहिली, ती हिरवी पडलेली होती. पुढे हवेच्या रबरी पाइपला बोटभर चीर सापडली. पिन घासली, पाइप बदलला, सोमवारी स्कॅनर लावून जुना दोष पुसला, तेव्हा दिवा विझला. खर्च आम्ही वहीत मांडला आहे: स्प्रे ३५०, पॅकिंग १८०, पाइप ७४०, स्कॅनर ३००, मेस्त्रींची मजुरी ८००. एकूण २,३७० रुपये. प्रत्येक वेळी इतक्यात भागेलच असे नाही. झडपेची मोटार जळाली असती तर नवी झडप घ्यावीच लागली असती. आणि थर पुन्हा लवकर साचला तर ऑइल कुठून येते ते शोधावे लागेल, असे मेस्त्रींनी बजावले आहे.

आता भाचा शाळेपाशी इंजिन बंद करतो. पंधरा दिवसांतून एकदा पेणचे भाडे मुद्दाम घेतो, म्हणजे इंजिन चांगले तापते. हप्ता या महिन्यात चार दिवस उशिरा गेला. पतपेढीचा फोन अर्थातच आम्हालाच आला.