किती गेले, किती आले

डोंगरवाटेवरच्या शर्यतींविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, ते बहुतांशी वाचवत नाही. सह्याद्रीत गेल्या दहा-पंधरा वर्षांत अशा शर्यती वाढल्या, याचा आनंदच आहे. पण त्यांची पत्रके उघडावीत तर ‘निसर्गाची हाक’, ‘स्वतःचा शोध’, ‘मावळ्यांच्या वाटेवर’ यांपलीकडे हाती काही लागत नाही. गो. नी. दांडेकरांनी दुर्गांविषयी लिहिले ते वर्षानुवर्षे गड पायाखाली घालून. त्या जातीचे शब्द पत्रकवाल्यांनी उसने घेतले. पाय मात्र घरीच राहिले.

या भाषेला नाके मुरडणारा एक दुसरा पक्ष आहे, आणि तोही तितकाच स्वप्नाळू आहे. त्याच्या मते छोटी शर्यत तीच खरी. पन्नास-साठ माणसे, प्रायोजक नाही, पदक नाही, गावच्या देवळासमोरून सुरुवात आणि परतल्यावर पिठले-भाकरी. पिठले-भाकरीविषयी माझ्याही मनात आदर आहे. परंतु लहान असणे म्हणजेच निर्दोष असणे, असे मानणाऱ्यांनी बटरमिअरची हकीकत जरूर वाचावी.

बटरमिअर हे इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधले खेडे. म्हणजे आपल्या विद्यार्थ्यांना परीक्षेपुरता परिचित असलेला वर्डस्वर्थचा मुलूख. तिथे डोंगरधावांची परंपरा जुनी आहे. स्थानिक मंडळाने भरवायच्या, नाममात्र शुल्काच्या, गावजत्रेच्या तोंडवळ्याच्या या शर्यती. एप्रिल २०१२मध्ये तिथल्या अशाच एका शर्यतीत एक अनुभवी धावक थंडीने गारठून दगावला. हवामान वाईट होते, हे खरेच. पण तो परतलेला नाही, हे वेळेवर कोणाच्या ध्यानातही आले नाही. पुढे मृत्यूच्या चौकशीत धावकांच्या मोजदादीवर नेमके बोट ठेवले गेले, आणि तिथल्या डोंगरधावकांत नियमांवरून मोठा वाद माजला. नियम वाढले की या खेळाचा आत्मा हरवेल, असे म्हणणारे तिथेही होते.

माझे म्हणणे एवढेच आहे की, शर्यत भरवणे हे मुळात मोजण्याचे काम आहे. कोणाला ते कारकुनी वाटेल. वाटो. सकाळी रेषेवर उभी असलेली डोकी मोजायची. नोंदणीचा आकडा त्या जागी चालत नाही, कारण पैसे भरून न येणारे असतात आणि मित्राचा क्रमांक छातीवर लावून धावणारेही असतात. खिंडीत बसलेल्या स्वयंसेवकाने प्रत्येक क्रमांक वेळेसह वहीत उतरवायचा. दरीत फोन लागत नाही, म्हणजे ती वही खाली कोण आणि कधी आणणार, हे आदल्या दिवशीच ठरवायचे. सर्वांच्या मागून एक जाणता माणूस फिती सोडवत यायचा. आणि सगळ्यांत अवघड मासला म्हणजे अर्ध्यातून कंटाळून पलीकडच्या गावात उतरणारा, कोणाला न सांगता एसटी पकडून घरी जाऊन झोपणारा धावक. त्याच्यासाठी रात्री वीस माणसे घळी धुंडाळतात. शर्यत सोडणाऱ्याने अंतिम रेषेवर येऊन तसे सांगितलेच पाहिजे, हा इंग्लंडातला नियम आपल्याकडे किती पत्रकांत ठळकपणे छापलेला दिसतो?

साहित्याच्या लोकांना टेनेसीतल्या बार्कली शर्यतीचे फार कौतुक. १९८६पासून चालत आलेली ही शर्यत; प्रवेश चाळीसेक जणांना, अर्जाचे शुल्क १ डॉलर ६० सेंट. रानात ठिकठिकाणी पुस्तके दडवलेली असतात आणि धावकाने आपल्या क्रमांकाचे पान फाडून आणायचे असते. यावर आपण ग्रंथ, अरण्य आणि आत्मशोध अशी त्रिमिती समीक्षा सहज लिहू. परंतु ते पान म्हणजे पावती आहे. माणूस त्या जागी खरोखर पोचला होता, याचा पुरावा. त्या विक्षिप्त वाटणाऱ्या आयोजकाला मोजणीचे महत्त्व आपल्या पत्रककारांहून अधिक कळलेले आहे.

मोजणी झाली तरी डोंगर कळायला डोंगरातलाच माणूस लागतो. चीनच्या गान्सू प्रांतात २२ मे २०२१ रोजी शंभर किलोमीटरच्या शर्यतीत १७२ धावक निघाले. गारा, गोठवणारा पाऊस आणि सोसाट्याचा वारा यांत २१ जण गेले. लिआंग जिंगसारखा नामवंत धावकही त्यांत होता. वारा अडवणारे जाकीट बाळगण्याची सक्ती नव्हती. जिथे वाहन पोचत नाही अशा चढावरच माणसे अडकली. जू केमिंग नावाचा एक मेंढपाळ पावसामुळे आपल्या गुहेत आडोशाला बसला होता. अडीअडचणीसाठी तिथे तो कपडे आणि खाण्याचे पदार्थ ठेवीत असे. त्याने सहा जणांना आत घेतले, शेकोटी पेटवली आणि ते वाचले. तो शर्यतीचा कोणीही नव्हता.

आपल्या शर्यतींत धनगरवाड्यावरच्या माणसाला कोणते स्थान असते? पाण्याचे कॅन वर वाहून नेणे, आणि छायाचित्रापुरता फेटा बांधून उभे राहणे. कोणता ओढा किती पावसानंतर उतरू देत नाही, धुके उतरल्यावर कोणती ढोरवाट थेट कड्यावर नेऊन सोडते, हे त्याला ठाऊक असते. वाटेवर किती माणसे मावतील, हेही त्यालाच विचारायला हवे. पण तो आकडा शहरात बसून, शुल्काचा हिशेब मांडून ठरतो. त्याने पहाटे आभाळाकडे पाहून ‘आज नको’ म्हटले, तर? टी-शर्ट छापून झालेले असतात, पाहुणे मुक्कामाला आलेले असतात. शर्यत सुटते.

तेव्हा आयोजकांनी पुढच्या पत्रकात मावळ्यांना थोडी विश्रांती द्यावी. कोणाच्या शब्दावर शर्यत थांबेल, त्याचे नाव छापावे. आणि गेल्या खेपेस किती निघाले, किती परतले, शेवटचा माणूस परतल्याची खात्री किती वाजता झाली, हे तीन आकडे.