गोठ्याचे पाणी गोठ्यावरच

जत तालुक्यात पाण्याचा विषय निघाला की बोलणे म्हैसाळ उपसा योजनेच्या टप्प्यांवर, टीएमसीच्या आकड्यांवर आणि सीमेपलीकडून सुटणाऱ्या पाण्यावर जाते. 2012 साली पूर्व भागातल्या गावांनी पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याचे ठराव केले. 2022 च्या अखेरीस कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी त्या ठरावांचा आधार घेऊन जतच्या 40 गावांवर दावा सांगितला, कर्नाटकाच्या तुबची-बबलेश्वर योजनेचे पाणी जतमधल्या तिकोंडीच्या तलावात आले, आणि इकडे विस्तारित म्हैसाळ योजनेला वेग आला. त्या गदारोळात माणसाच्या पिण्याची आणि पिकाची चर्चा पुष्कळ झाली. दावणीला बांधलेल्या गाईने एप्रिलच्या दुपारी काय प्यायचे, हा प्रश्न मात्र फारसा कुणाच्या तोंडी आला नाही.

जनावरांच्या पिण्याच्या पाण्याचा हिशेब शेतीच्या पाण्यातून आणि गावाच्या नळातून वेगळा काढला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. ज्याच्याकडे गोठा आहे त्याने त्या पाण्याची सोय गोठ्यावरच, पावसाच्या पाण्याने, झाकलेल्या टाकीत करावी आणि त्या कामात सरकारने त्याला हात द्यावा. याला विरोध करणारी मंडळी भली आहेत, अनुभवी आहेत. म्हणूनच त्यांच्या एकेका मुद्द्याला नीट उत्तर द्यायला हवे.

पहिला मुद्दा कालव्याचा. म्हैसाळचे पाणी येतेच आहे, उरलेल्या 65 गावांसाठी विस्तारित योजनाही आली आहे, मग टाक्या कशाला बांधत बसायचे? म्हैसाळ योजनेला माझा विरोध नाही. कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून या माळावर आणणे हा जतकरांचा हक्क आहे आणि त्यासाठी लोकांनी दोन पिढ्या घालवल्या आहेत. पण उपसा योजनेचे पाणी आवर्तनाने येते आणि पंप विजेवर चालतात. बिल थकले की पंप बंद, हे आपण पुन्हापुन्हा पाहिले. म्हणून तर बिलाचा 81 टक्के भार सरकारने आणि 19 टक्के शेतकऱ्यांनी उचलायचा, असे ठरवावे लागले. पिकाला पंधरा दिवस पाणी मिळाले नाही तर उतारा घटतो. गाईला एक दिवस पाणी मिळाले नाही तर ती वैरणीला तोंड लावत नाही आणि संध्याकाळच्या धारेत ते लगेच दिसते. आवर्तनावर ऊस जगेल, गाय जगणार नाही. शिवाय कालव्याचे पाणी तलावात पडते, वस्तीवर येत नाही. तलाव ते वस्ती हे अंतर कुणाला तरी चालावेच लागते.

हे अंतर पूर्वी जनावरे स्वतः चालत. खिल्लार बैल आणि गावरान गाई सकाळी सुटत, ओढ्यावर किंवा विहिरीशेजारच्या हाळावर पीत आणि दिवेलागणीला परतत. माडग्याळी मेंढरे आजही तशीच फिरतात. पण गेल्या तीस-चाळीस वर्षांत जतच्या वस्त्यांवर संकरित गाय आली. घराचा रोजचा खर्च तिच्या दुधावर चालू लागला. ती दावणीवरच असते. उन्हात दोन-तीन किलोमीटर चालवत नेली तर पाण्याने जे मिळायचे ते चालण्यात जाते. धार काढल्यानंतरच्या तासाभरात गाय दिवसभराच्या पाण्यातला मोठा हिस्सा पिऊन टाकते. त्या वेळी समोर पाणी हवे. एक लिटर दूध बनवायला तिला तीन ते चार लिटर पाणी लागते आणि शरीर थंड राखायला लागते ते वेगळे. उन्हाळ्यात दुभती संकरित गाय दिवसाला ऐंशी लिटरपर्यंत जाते. घागरीने दोन वेळा पाणी दाखवणे आणि दिवसभर समोर पाणी असणे यांत किती फरक पडतो, हे मुक्त संचार गोठा केलेल्या कुणालाही विचारा.

दुसरा मुद्दा बोअरचा. खासगी पाणीच हवे असेल तर बोअर मारा, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. जतच्या माळावर याची किंमत लोकांनी जबर मोजली आहे. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे. त्यात पाणी राहते ते वरच्या मुरूम-कुजलेल्या थरात आणि खडकातल्या भेगांत. खाली जावे तसा खडक घट्ट होत जातो आणि पाणी लागले तर ते एखाद्या सांध्यात लागते. सांधा चुकला की सातशे फूट खोदून हाती धूळ येते. पाणी लागलेच, तरी ते वर्षानुवर्षे मुरलेले असते. उपसा सुरू झाला की शेजारच्या विहिरीची पातळी आधी उतरते, मग शेजारी त्याहून खोल जातो. राज्याचा 2009 चा भूजल कायदा साठ मीटरपेक्षा खोल विहिरीला खोल विहीर ठरवतो आणि अधिसूचित क्षेत्रात ती खोदायला मनाई करतो. साठ मीटर म्हणजे दोनशे फुटांच्या आतच. जतमधली बहुतेक नवी बोअर ती रेघ कधीच ओलांडून गेली आहेत. अशा खोल बोअरचे पाणी पूर्व भागात पुष्कळदा मचूळही निघते. लिटरमागे तीन हजार मिलिग्रॅमपर्यंत क्षार जनावर सोसते, पाच हजारांच्या पुढे दुभत्या गाईला त्रास होतो. ज्याच्याकडे असे बोअर आधीच आहे, त्याने ते बुजवावे असे मी म्हणणार नाही. त्यात छपराचे पाणी निम्मेनिम्मे मिसळले तर क्षार निम्म्यावर येतात. पण गाईसाठी नवे बोअर मारणे म्हणजे पुढच्या उन्हाळ्याचे पाणी या उन्हाळ्यात उपसणे.

कुणी शेततळ्याकडे बोट दाखवतात. 2016 च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतले सर्वांत मोठे तळे 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद आणि 3 मीटर खोल. त्यात जवळजवळ 22 लाख लिटर पाणी मावते. डाळिंबाला आणि द्राक्षाला ते उपयोगी आहे, यात वाद नाही. पण ते उघडे असते. उन्हाळ्यात इथे दिवसाला आठ मिलिमीटर पाणी सहज उडते. भरलेल्या तळ्याच्या 900 चौरस मीटर पृष्ठावरून म्हणजे रोज सात हजार लिटर हवेत जाते. आता एका बेताच्या वस्तीचा हिशेब मांडू. दोन दुभत्या गाई, एक खिल्लार बैल आणि दहा शेळ्या धरल्या तर उन्हाळ्यात रोज साधारण अडीचशे लिटर लागतील. तळ्यावरून एका दिवसात जे उडते, ते या गोठ्याला जवळजवळ महिनाभर पुरले असते.

हा अडीचशेचा आकडा लहान आहे, आणि सगळा वाद तिथेच सुटतो. चार महिन्यांच्या उन्हाळ्याला तीस हजार लिटर लागतात. शेततळ्याच्या पोटाच्या दीड टक्काही नाही. एवढ्यासाठी नदी उचलावी लागत नाही आणि पाताळही शोधावे लागत नाही.

यावर मला सर्वांत जास्त ऐकावे लागणारे उत्तर असे: छपराचे पाणी हे कोकणात ठीक, पाचशे मिलिमीटरच्या जतमध्ये त्यातून काय जमणार? तर हिशेब करून पाहावे. घर आणि गोठा मिळून हजार चौरस फूट पत्रा धरा. म्हणजे 93 चौरस मीटर. त्यावर पाचशे मिलिमीटर पाऊस म्हणजे 46 हजार लिटरांहून अधिक. पहिली सर धुऊन टाकायला, गळतीला आणि उडण्याला पाचवा हिस्सा सोडला तरी 37 हजार लिटर टाकीत येतात. वर काढलेल्या वस्तीची उन्हाळ्याची गरज भागून सात हजार लिटर उरतात. दुष्काळी वर्षात पाऊस तीनशेवर आला तर 22 हजार लिटर मिळतील, म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांचे पाणी. चौथ्या महिन्यासाठी टँकर मागवावा लागेल, हे खरे आहे. पण टँकर चार महिने मागवणे आणि एक महिना मागवणे हा त्या घराच्या जगण्यातला फार मोठा फरक आहे. जतचा पाऊस बराचसा उत्तरा-हस्ताच्या नक्षत्रांत, सप्टेंबरच्या सुमाराला पडतो. म्हणजे टाकी उन्हाळ्याच्या जवळ भरते आणि पाणी कमी काळ धरून ठेवावे लागते. ही गोष्ट टाकीच्या बाजूची आहे.

टाकी झाकलेलीच हवी. उघड्या हौदात उन्हाने शेवाळ धरते, डास होतात आणि पाणी तापते. गाय तापलेले पाणी नाइलाजाने पिते आणि कमी पिते. टाकीतून हाळात पाणी उताराने यावे, म्हणजे वीज नसली तरी अडत नाही. हाळ सावलीत असावा आणि दर पंधरवड्याला घासून आतून चुना मारावा. पन्हळीच्या तोंडाला जाळी बसवावी आणि पहिल्या सरीचे पाणी बाहेर सोडायची सोय ठेवावी. यात कुठलेही मोठे तंत्र नाही. गावातला गवंडी हे करू शकतो.

आता सरकारकडे वळतो. 2021 मध्ये शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत, रोजगार हमीतून, सहा जनावरांपर्यंतच्या गोठ्याला 77,188 रुपये देण्याचे ठरले. चांगली योजना आहे, तिने हजारो गुरांना पक्की जागा दिली. पण तिचा आराखडा पाहा. गोठा 26.95 चौरस मीटरचा, मूत्रसंचयाचे टाके 250 लिटरचे आणि पिण्याच्या पाण्याची टाकी 200 लिटरची. सहा जनावरांना दोनशे लिटर एक दिवसही पुरत नाही. त्याच गोठ्यावर पत्रा घालून पन्हळ लावली तर पाचशे मिलिमीटर पावसात दहा हजार लिटरांहून जास्त पाणी उतरते. आराखडा करणाऱ्यांनी पाणी कुठून तरी येईल असे गृहीत धरले. अवर्षणग्रस्त तालुक्यांसाठी हा आराखडा बदलून त्यात पन्हळ आणि किमान दहा हजार लिटरची टाकी धरली पाहिजे.

याहून जुना अन्याय निकषांतला आहे. केंद्राच्या ग्रामीण पाणीपुरवठ्यात पूर्वी माणशी 40 लिटर धरत. वाळवंटी विकास कार्यक्रमातल्या भागांत त्याशिवाय प्रत्येक जनावरामागे 30 लिटर धरत. त्या कार्यक्रमात कर्नाटकातला विजापूर जिल्हा होता. जत नव्हता. जतमधल्या उमदीहून थोडे पूर्वेला गेले की विजापूर जिल्हा लागतो. माती तीच, खडक तोच, पाऊस तोच, गाईची तहानही तीच. तिकडच्या गाईची तहान कागदावर होती, इकडची नव्हती. आता जल जीवन मिशनमध्ये माणशी 55 लिटर धरतात, पण जनावरांचा वेगळा आकडा नाही. परिणाम घरोघर दिसतो. नळाला आलेल्या माणसाच्या पाण्यातून बाई गाईला पाजते आणि स्वतःच्या घरची आंघोळ-धुणे कमी करते.

उरला शेवटचा आणि मला सर्वांत जवळचा वाटणारा आक्षेप. पाणी सगळ्यांचे आहे, ते खासगी करायची भाषा नको, ज्याच्याकडे पत्रा आहे त्याचेच भले होईल. विलासराव साळुंख्यांच्या पाणी पंचायतीने भूमिहीनालाही पाण्यात वाटा दिला, नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीची पाणी परिषद उभी केली. ती परंपरा मानणाऱ्याने असा आक्षेप घ्यावा, हे योग्यच आहे. माझे उत्तर असे की, छपरावर पडलेले पाणी साठवून कुणाचा वाटा कमी होत नाही. आपल्या हद्दीत पडणारे, ठरावीक प्रवाहात न वाहणारे पाणी धरून ठेवण्याचा हक्क 1882 च्या सुखाधिकार कायद्यानेही मान्य केला आहे. इंग्लंडमध्ये दिवसाला 20 घनमीटरपर्यंत पाणी परवान्याशिवाय घेता येते. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये घरगुती वापर आणि जनावरे यांसाठीच्या पाण्याला मूलभूत हक्काचा दर्जा आहे. त्या देशांत सिंचनाच्या पाण्यावर कडक नियंत्रण आहे, आणि तरीही अशा थोड्या पाण्याला त्यांनी वाट मोकळी ठेवली आहे.

खरा धोका उलट दिशेने येतो. पत्रा असलेली शंभर घरे मार्चमध्ये गावतलावावर येतात, त्यांचे टँकर आणि मोटारी तिथे लागतात आणि एप्रिलमध्ये तलाव आटतो. त्यानंतर शंभर माडग्याळी मेंढरे घेऊन आलेला धनगर कुठे जाईल? त्याच्याकडे पत्रा नाही, गोठा नाही, बांधायला जागा नाही. त्याला रोज पाचशे-सहाशे लिटर पाणी वाटेवर, उघड्यावर हवे आहे. त्याच्यासाठी तलावच एकमेव हाळ आहे. ज्यांना आपली सोय आपल्या छपरावर करता येते त्यांनी ती केली, तर तलाव त्याच्यासाठी उरतो. सामाईक पाणी वाचवायचे असेल तर समर्थांनी रांगेतून बाहेर पडले पाहिजे.

म्हणून ग्रामसभेने दोन कामे एकाच ठरावात घ्यावीत. गोठ्यामागच्या टाकीसाठी मागणीची यादी तालुक्याला पाठवावी, आणि गावतलावाच्या भिंतीवर रंगाने एक रेघ ओढावी. पाणी त्या रेघेच्या खाली गेले की कुणाचीही मोटार तिथे लागणार नाही. तळचे पाणी मेंढरांचे, भटक्या गुरांचे आणि ज्यांच्या डोक्यावर पत्रा नाही त्यांचे. रेघ कुठे ओढायची हे गावातल्या मेंढपाळाला विचारून ठरवावे, कारण मे महिन्यात तलाव कुठवर उतरतो हे त्याला जेवढे ठाऊक असते तेवढे इतर कुणाला नसते.